म्हापशातलं माशांचं दुकान: रेडटेल घ्यायला गेले तर आधी काकांनी माझीच चौकशी केली

म्हापशात बाजाराच्या मागच्या गल्लीत हे दुकान आहे, बोर्ड इतका फिका पडलाय की पहिल्यांदा मी पुढे निघूनच गेले होते. शुक्रवारी जाऊ नका, बाजारामुळे स्कूटर लावायलासुद्धा जागा मिळत नाही.

मला रेडटेल गुडीड या छोट्या शोभेच्या माशांची जोडी हवी होती. नर दिसायला फार सुंदर, अंगावर निळसर झाक आणि शेपटीकडे लालसर नारिंगी. पण काका (दुकानात येणारे सगळे त्यांना काकाच म्हणतात) जाळी घेऊन उठलेच नाहीत, आधी विचारलं, "बाय, टाकी केवढी? आत आणखी कोण आहे?" म्हटलं गप्पी आहेत. "मग नाही देत, हे दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात. वेगळी टाकी लाव, मग ये." हातात पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदाच बघितला. पंधरा दिवसांनी दोन फुटांची टाकी लावून परत गेले.

तेव्हा नीट बघितलं, टाकीवर मास्किंग टेप, त्यावर पेनने लिहिलेलं "सॅन मार्कोस, मिक्स करू नये". विचारलं तर काकांनी स्टूल पुढे केलं आणि अर्धा तास सांगत बसले. सॅन मार्कोस हे ठिकाणाचं नाव, हे मासे मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात एत्सात्लानच्या आसपासचे, तिथलं पाणी समुद्राला जात नाही, खोऱ्यातल्या खोऱ्यातच राहतं, वर्षातले कितीतरी महिने मुलूख कोरडा आणि सगळा भरवसा झऱ्यांवर. आधी एकाच नावाखाली विकले जाणारे हे मासे 2016 मध्ये वेगळी जात म्हणून नोंदले गेले. म्हणजे कुठल्या पाण्यातले हे ठाऊक नसताना दोन ठिकाणचे एकत्र सोडले तर पिल्लं होतील, पण ती कुठलीच राहणार नाहीत. मी आधी दुसऱ्या एका दुकानातून आणलेले "रेडटेल" असेच होते, कुठून आले विचारलं तर उत्तर मिळालं, "टाकीतून".

हे एवढं का जपायचं ते मला टकीला स्प्लिटफिनच्या गोष्टीवरून पटलं. हा त्याच भागातला तेउचित्लानचा मासा, त्याच्या मूळ पाण्यातून संपला होता. पण हौशी लोकांच्या टाक्यांत जिवंत होता, 1998 मध्ये इंग्लंडमधून पाच जोड्या मेक्सिकोतल्या मोरेलियाच्या विद्यापीठात पोचल्या, तिथे वाढवल्या आणि त्यांची पिढी परत तेउचित्लानच्या नदीत सोडली. पाच जोड्या! कोणीतरी घरात भेसळ न करता सांभाळल्या म्हणूनच ना.

कोरड्या मुलखातल्या माशांचं असंच असतं. आपल्या गोव्यातल्या केसरव्हाळच्या झरीत एखादा मासा असावा आणि सगळ्या जगात दुसरीकडे कुठेच नसावा, तसं. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटातल्या डेव्हिल्स होल या पाण्याने भरलेल्या खोल कपारीतला पपफिश नावाचा मासा तसाच, जेमतेम इंचभर, 33 डिग्रीच्या पाण्यात एका छोट्या उथळ खडकावर सगळं कुटुंब. शेजारच्या शेतीने बोअरचं पाणी उपसलं आणि खडक उघडा पडायला लागला, प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1976 ला निकाल माशाच्या बाजूने लागला. तरी 2013 मध्ये मोजले तर 35 च भरले, 2024 मध्ये 191 झाले आणि पुढच्याच वर्षी भूकंपाच्या हादऱ्यांनंतर परत 38. आणि 1969 मध्ये कॅलिफोर्नियात फिल पिस्टर नावाच्या मत्स्यखात्यातल्या माणसाने आटत चाललेल्या डबक्यातून ओवेन्स पपफिश उचलले, साधारण 800, जगातले सगळे तेवढेच, दोन बादल्यांत. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता जोडीविषयी. 900 रुपये घेतले, महाग वाटलं, पण पॅकिंग उत्तम, दुहेरी पिशवी, ऑक्सिजन, वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं, पर्वरीपर्यंत उन्हातून आले तरी मासे टवटवीत. खरी अडचण आपल्या उन्हाळ्याची, हे उंच पठारावरचे मासे, गार पाणी लागतं, आणि मे महिन्यात माझ्या टाकीतलं पाणी 31 वर गेलं. पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा लावला तेव्हा 28 ला आलं. हे काकांनी विकतानाच सांगायला हवं होतं, मी फोन केला तेव्हा सांगितलं, म्हणून अर्धा स्टार कमी.

जूनमध्ये मादी व्याली. हे अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात, आणि पिल्लू आलं तेव्हा पोटाखाली पांढरट दोरे लोंबत होते, मी घाबरले, वाटलं आतडी बाहेर आली. काकांना फोटो पाठवला तर म्हणाले, "नाळ समज बाय, याच्यातून आईच्या पोटात खायला मिळतं, गळून जाईल." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर गळाले होते, आणि सात पिल्लं झाडांच्या मुळांत फिरत होती.

जास्त झाले तर परत घेतात, पैसे देत नाहीत पण खाद्य देतात. पिशवी हातात देताना प्रत्येकाला एकच सांगतात, "व्हाळात सोडू नको, तिथे आपले आहेत." आपले म्हणजे डोक्यावर चमकता ठिपका असलेले ते छोटे मासे, पाण्याच्या वरच्या थरात फिरून डासांच्या अळ्या खाणारे. त्यांचीही एक टाकी कोपऱ्यात आहे, विकायला नाही, बघायला.

साडेचार स्टार. दुपारी 1 ते 4 बंद असतं, फोन करून जा आणि टाकीचं माप लिहून न्या.