नागपूरच्या गांधीबागेतलं लिनन-वूलचं दुकान: जुन्या काळचे कपडे घरी शिवणाऱ्यांसाठी

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो लॉटच्या भानगडीपायी, ते खाली सांगते. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण मालकच म्हणाले की ताई नाव नका टाकू, आमचं होलसेल आहे, दोन-दोन मीटरवाले यायला लागले तर आमचा माणूस दिवसभर कापतच बसेल. तरी देतात दोन मीटर, हे विशेष. मेट्रोने अग्रसेन चौकात उतरा, गांधीबागेत शिरा आणि सूटिंग-शर्टिंगच्या गल्लीत ज्याच्या ओट्यावर कटपीसचा ढीग छातीपर्यंत लागलाय तिथे थांबा. गाडी नेऊ नका बाप्पा, लावायला जागा नाही आणि हातठेल्यांत अडकलात तर अर्धा तास तिथेच.

मला कशाला लागलं तर माझा भाचा इंग्लंडात शिकून राहिला आणि तिथे त्याला रीएनॅक्टमेंटचा नाद लागलाय. 14 ऑक्टोबर 1066ला हेस्टिंग्जची लढाई झाली, त्यात राजा हॅरॉल्ड पडला आणि नॉर्मंडीचा विल्यम गादीवर बसला, तर ती जिथे झाली त्या बॅटल नावाच्या गावात ऑक्टोबरात लोक त्या काळचे कपडे घालून, ढाली घेऊन ती लढाई परत लढतात. तलवारी बोथट असतात पण कपड्यांच्या बाबतीत त्याचा ग्रुप भारी कडक, झिप नाही, पॉलिस्टर नाही, दिसणारी शिलाई हाताची. तिकडे शिवून घ्यायचं तर पौंडात जे सांगतात ते ऐकून त्याने सरळ मला फोन केला, मावशी तू शिवजयंतीचे अंगरखे शिवतेस न, माझंही शिवून दे. मी हो म्हटलं आणि मग कळलं की प्रश्न शिवायचा नाहीच, प्रश्न कापडाचा आहे.

कारण त्या काळात तिकडचा साधा माणूस आतून लिननचा सदरा आणि वरून लोकरीचा गुडघ्यापर्यंतचा ट्युनिक घालायचा. कापूस तिकडे रोजच्या वापरात नव्हताच. म्हणजे ज्या गावात जमशेटजी टाटांनी 1877 साली एम्प्रेस मिल सुरू केली त्या गावात बसून मी कापूस सोडून बाकी सगळं शोधत फिरत होती, आणि तेही भर मे महिन्यात. सीताबर्डीवर दोन-तीन ठिकाणी विचारलं, लोकरीचं कापड म्हटल्यावर माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग कूलरकडे. आणि लिनन म्हणून जे दाखवत होते ते कॉटन-लिनन मिक्स, नाहीतर नुसतं लिननसारखं दिसणारं काहीतरी.

या दुकानात फरक इथेच कळला. मी म्हटलं प्युअर वूल पाहिजे, टेरीवूल म्हणजे ते पॉलिस्टर मिसळलेलं नको. मालकांनी तीन थान काढले, तिन्हीतून एकेक धागा ओढला, गल्ल्यातून माचिस काढली आणि माझ्यासमोर काउंटरवरच जाळून दाखवला. पहिला धागा वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला, म्हणाले हे पॉलिस्टर, बाजूला ठेवा. दुसरा अर्धा जळला अर्धा वितळला, हे तुमचं टेरीवूल. तिसऱ्याला केस जळल्याचा वास आला, काडी काढताच तो विझला आणि राख बोटात चुरून गेली. हे घ्या, म्हणाले. लिननला मात्र माचिस चालत नाही असं त्यांनीच सांगितलं, कापूस काय अन् लिनन काय, दोन्ही कागदासारखंच जळतात, म्हणून त्यांनी धाग्याचा पीळ उलगडून हळूच तोडून दाखवला, कापसाचं टोक ब्रशसारखं फुलतं, लिननचे तंतू लांब म्हणून टोक अणकुचीदार राहतं. आपला माल आपणच जाळून दाखवणारा दुकानदार मला तरी अख्ख्या इतवारी-गांधीबागेत दुसरा भेटला नाही.

लिनन घेताना एक लक्षात ठेवा, त्याचा काउंट, म्हणजे धाग्याची बारकाई, ली मध्ये सांगतात आणि आकडा जितका मोठा तितकं कापड पातळ. शर्टाचं बारीक लिनन 60 ली चं असतं, दिसायला एकदम भारी, पण मैदानात ढाल घेऊन पडणाऱ्या माणसाला ते काय कामाचं. मी 44 घेतलं, 25 पण होतं, तेही चाललं असतं पण आतल्या सदऱ्याला मला जरा जाड वाटलं. पांढरंशुभ्र नका घेऊ, न धुतलेलं मातकट असतं ते घ्या. आणि कापायच्या आधी गरम पाण्यातून काढाच, लिनन आटतं. दुकानात हे कोणी स्वतःहून सांगत नाही, विचारलं तर सांगतात.

लोकरीत व्हरायटी कमी आहे. सूटचं जे गुळगुळीत वूल असतं ते या कामाला फार सफाईदार दिसतं, मला पाहिजे होतं जरा केसाळ, ट्विल म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीचं, कारण त्या काळच्या लोकरी कापडात ट्विल भरपूर असायची. शेवटी कोटाच्या कटपीसमध्ये मिळालं, विटकरी लाल. रंगाचं पण भाच्याने बजावलं होतं, मंजिष्ठेच्या जातीतल्या मुळीचा लाल, वेल्ड नावाच्या झाडाचा पिवळा आणि वोडच्या पाल्याचा निळा, यात बसेल तेच घे. वोडमधलं रंगद्रव्य म्हणजे आपल्या निळीतलंच, त्यामुळे निळा कोणता घ्यायचा हे मला न सांगताच कळलं, पण निळ्यात प्युअर वूल नव्हतं. रंग बघायला ट्यूबलाइटखाली विश्वास ठेवू नका, थान ओट्यावर उन्हात आणायला सांगा. कुरकुर न करता आणतात. मे मध्ये सुद्धा.

आता खरी मजा. कापड किती लागेल म्हणून मी कागदावर कटिंग काढून नेलं होतं. पुढचा-मागचा आयत, मनगटाकडे निमुळत्या बाह्या, बगलेत चौकोनी तुकडा, घेरासाठी दोन्ही बाजूंना कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तिकोनी तुकडे, आणि पुढे-मागे मधोमध चीर देऊन तिथेही कळी. दुकानात मापाला एक वयस्कर काका बसतात, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले हे तर अंगरख्याचंच आहे जी, फक्त बंद नाहीत, गळ्यातून घालायचं. चौबगला, कळी, सगळं तेच. मग त्यांनीच 58 इंच पन्ह्यात कळ्या उलट-सुलट बसवून दाखवल्या, एक सरळ एक उलटी, आणि माझ्या हिशोबापेक्षा पाऊण मीटर कापड वाचवलं. म्हणजे स्वतःच्या दुकानाची विक्री कमी केली न त्यांनी. विणलेलं कापड महाग, म्हणून तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही, हा हिशोब तिकडेही तोच होता. स्वीडनमध्ये 1936 साली दलदलीत 14व्या शतकातल्या एका माणसाचे अवशेष सापडले, अंगावरचे लोकरी कपडे जवळजवळ अख्खे, वारबर्गच्या म्युझियममध्ये ठेवलेत, त्याच्या ट्युनिकलाही अशाच कळ्या आहेत. हेस्टिंग्जनंतर तीनशे वर्षांनी सुद्धा तीच कटिंग. नाहीतर आपल्याकडे शिवजयंतीला भाड्याने मिळणारे ते सॅटिनचे चमचमते झगे बघा, ना कळी ना चौबगला, मागून वेल्क्रो. असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर बोलायला लागली तर संपणार नाही.

दोरा वेगळा घ्यायची गरज नाही. काकांनी लिननच्या थानाच्या टोकाची एक पट्टी फुकट दिली, तिच्यातले उभे धागे काढायचे, मेणावरून ओढायचे, झाला दोरा. आतल्या लांब शिलाया मी मशीनवर मारल्या, त्याच्या ग्रुपला चालतात, गळा, घेर आणि मनगट हाताने केलं. 44 डिग्रीत मांडीवर लोकर घेऊन कूलरसमोर बसायचं म्हणजे काय असतं ते मी लिहीत नाही.

आता कापलेला स्टार. भाच्याने मागाहून टोपडं पण पाहिजे म्हटलं, म्हणून मी त्याच लाल कापडाचा पाऊण मीटर व्हॉट्सॲपवर मागवला, जुन्या तुकड्याचा फोटो पाठवून. तेच आहे ताई, निश्चिंत राहा. आलं तर लाल वेगळाच, विटकरी नाही, चक्क डाळिंबी. दुसऱ्या लॉटचं थान. फोन केला तर कापलेला माल वापस नाही, हे एकच वाक्य, मालकांचा मुलगा होता फोनवर, बाप जितका गोड तितका हा तिरसट. सेम लॉट नव्हता तर कापायच्या आधी एक फोटो टाकायला काय जातं? शेवटी त्या डाळिंबीच्या पट्ट्या करून गळ्याला, मनगटाला आणि घेराला लावल्या. फ्रान्सातल्या बेयोचं ते साधारण 70 मीटर लांब भरतकाम आहे न, लिननवर लोकरीच्या दोऱ्याने ही सगळी लढाई काढलेली, त्यातही काही माणसांच्या कपड्यांना अशा वेगळ्या रंगाच्या पट्ट्या आहेत, त्यामुळे भाच्याला तर फारच आवडलं. पण ती माझी हुशारी झाली, दुकानाची नाही. टोपडं शेवटी घरातल्या जुन्या शालीचं केलं.

भाव म्हणाल तर लिनन साडेपाचशे रुपये मीटर पडलं, वूल कटपीस म्हणून स्वस्तात मिळालं, घासाघीस थोडी चालते, बिल मागितलं तर देतात. सकाळी अकराला जा, दुपारनंतर बाहेरगावचे व्यापारी येतात मग तुमच्याकडे कोणी बघत नाही. फोनवर ऑर्डर अजिबात नको, आणि लागणारं सगळं एकाच वेळी, एकाच थानातून कापून घ्या, वर अर्धा मीटर जास्तीचं. चामड्याचा पट्टा, पितळी बकल वगैरे इथे विचारू नका, तो मुलगा अजूनच चिडतो.