दहा महिने मीटर हाताशी ठेवल्यावर: गाडीचे चार्जिंग आणि गॅरेजचा अनुभव

पारोळ्याला राहून कधी धुळे तर कधी जळगाव असे आठवड्यातून चार-पाच वेळा जावे लागत असल्याने माझी डिझेल गाडी सकाळी सेल्फवर सुरू झाली नाही, तर त्या दिवसाचे कामच बुडते. दोन वर्षांत या गाडीला मी दोन नव्या बॅटऱ्या घातल्या आणि एकदा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारे यंत्र) उघडून त्याचे कार्बन व कटआउट (विजेचा दाब काबूत ठेवणारा भाग) बदलून घेतले. ६,२००, ६,५०० आणि ३,८०० असे एकूण साडेसोळा हजार रुपये गेले, आणि तरीही चार-पाच महिन्यांनी सेल्फ पुन्हा जड फिरू लागे. शेवटी गेल्या मे महिन्यात मी ११०० रुपयांचा एक डिजिटल मल्टिमीटर आणि २७०० रुपयांचा एक डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून तिच्यातून एकाच दिशेने वाहणारा (डीसी) प्रवाह मोजणारा मीटर, विकत घेतला. हा अभिप्राय त्या दोन मीटरांविषयी आहे, परंतु ते हाती आल्यावर गॅरेजमध्ये काय बदलले, हे सांगितल्याशिवाय तो पूर्ण होणार नाही.

पहिल्याच आठवड्यात जे दिसले त्याने माझी खात्री पटली. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.२ व्होल्ट होते. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, म्हणजे माझी जेमतेम निम्मी भरलेली होती. इंजिन सुरू केल्यावर आकडा १४.१ वर गेला. आतापर्यंत प्रत्येक गॅरेजने इथेच मीटर बाजूला ठेवून 'चार्जिंग चांगले आहे, बॅटरीच गेली' असा निकाल दिला होता. मी मात्र एसी, ब्लोअर आणि हेडलाइट असा सगळा लोड टाकून पुन्हा पाहिले, तेव्हा बॅटरीवर केवळ १२.९ उरले होते. त्याच वेळी अल्टरनेटरच्या बोल्टवर, म्हणजे जिथून जाड लाल वायर निघते तिथे, आणि त्याच्याच बॉडीवर मोजले तर १४.३ व्होल्ट होते. अल्टरनेटर आपले काम नीट करत होता, १.४ व्होल्ट वाटेतच हरवत होते.

मग ते नेमके कुठे हरवतात, हे शोधणे सोपे होते. मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवली, तर फरक ०.२ आला, जो चालण्यासारखा आहे. एक सुई अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, तेव्हा १.२ व्होल्ट दिसले, तिथे ०.२ च्या वर जायला नको. इंजिन आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी बॉडीकडच्या बोल्टखाली हिरवी पडून गंजली होती आणि लोडवर हात लावता येणार नाही इतकी तापत होती. सेल्फचा प्रवाहही त्याच पट्टीतून परततो, म्हणून सेल्फ जड फिरत होता आणि दोष बॅटरीवर येत होता. अर्धवट भरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिल्याने प्लेटांवर सल्फेट बसून त्या दोन्ही बॅटऱ्या अकाली गेल्या, असे मी आता ठामपणे म्हणू शकतो. नवी पट्टी आणि मजुरी मिळून ३५० रुपये लागले. लोडवरचा आकडा त्याच दिवशी १३.९ झाला.

याच ठिकाणी एक सूचना करावीशी वाटते, कारण अनेक जण इथे फसतात. वायर चांगली आहे की नाही, हे ओहमवर मोजून ठरवू नये. लोडवर साधारण ४० अँपिअर वाहत असताना १.२ व्होल्ट गमावायला ०.०३ ओहम एवढा अडथळा पुरतो, आणि या किमतीच्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे ओहमवर ती गंजलेली पट्टी निर्दोष दिसली असती. प्रवाह वाहत असतानाच व्होल्टचा फरक पाहणे, हाच खरा मार्ग आहे.

गॅरेजांविषयी लिहिताना मला कोणालाही बदनाम करायचे नाही, म्हणून नावे देत नाही. पट्टी बदलण्याआधी एका दुकानात त्यांनी आपला छोटा पिवळा मीटर एसी व्होल्टवर (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेच्या खुणेवर) लावला, त्यावर ३० च्या आसपास आकडा आला, आणि 'डायोड प्लेट गेली, साडेपाच हजार लागतील' असे सांगण्यात आले. अल्टरनेटरमधल्या एसीचे डीसी करणारे डायोड गेल्यावर बॅटरीवर एसीचा अंश दिसतो, ही गोष्ट खरी आहे. पण तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तरी चिंतेचा मानतात, तीस व्होल्ट कधीच नसतो. अगदी स्वस्त मीटर एसीच्या खुणेवर डीसी मोजताना जवळजवळ दुप्पट खोटा आकडा दाखवतात. मी त्यांना दोन्ही वायरी उलटसुलट लावून पाहण्याची विनंती केली, तर आकडा शून्य झाला. माझ्या मीटरवर ०.०४ आला. त्या तरुण कारागिराने ते मान्य केले, आणि त्याला ही गोष्ट कोणी शिकवलीच नव्हती, हे मला स्पष्ट दिसले. दुसऱ्या एका ठिकाणी इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून 'डायनॅमो चालतो का' ते पाहायला निघाले होते. मी तेथेच हात धरला. जुन्या गाड्यांना ते एक वेळ चालून जात असे, परंतु बॅटरीचा आधार एकदम सुटल्यावर अल्टरनेटरचा दाब क्षणभर उसळतो आणि त्यात इंजिनचा कंट्रोल युनिट जळू शकतो.

याउलट धुळ्याच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने माझ्या वहीतले आकडे वाचून गाडीला हात लावण्याआधीच सांगितले, "भाऊ, तुमनी बॅटरी चांगली शे, अर्थिंग देखा." त्या दिवसापासून मी गॅरेजमध्ये दुखणे सांगत नाही, आकडे सांगतो, आणि कामानंतर लोडवरचा आकडा बिलावर लिहून मागतो. बदललेला भाग परत मागतो. काही ठिकाणी यावर नाराजी दिसते. तिथे मी पुन्हा जात नाही.

क्लॅम्प मीटरचा उपयोग नोव्हेंबरमध्ये झाला. चार दिवस घरी उभी असलेली गाडी पूर्ण निपचित पडली. बॅटरी भरून, गाडी लॉक करून, गाडीतले सगळे इलेक्ट्रॉनिक युनिट झोपी जावेत म्हणून तासभर थांबल्यावर निगेटिव्ह वायरीला क्लॅम्प लावला, तर ०.४३ अँपिअर सतत जात होते. ०.०५ पर्यंत चालते. हिशेब केला तर दिवसाला दहा अँपिअर-तासांहून अधिक, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी व्हायला चार दिवस पुरेसे. फ्यूज न काढता त्यांच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर, प्रवाह वाहत असेल तरच दिसणारे मिलिव्होल्ट पाहत गेलो, पण सगळे शांत होते. अखेर बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमच्या ॲम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून घेतलेली आढळली आणि तो कधीच बंद होत नव्हता. ती जोडणी आता चावी चालू असतानाच वीज देणाऱ्या रिलेवरून घेतली आहे.

आता मीटरांचे दोष. मल्टिमीटरचा पडदा आपल्याकडच्या उन्हात वाचता येत नाही. सावली करायला दुसरा माणूस लागतो. सोबतच्या वायरी उन्हाळ्यात कडक होऊन टोकाशी तुटल्या, मी सिलिकॉनच्या घेतल्या. ऑगस्टमध्ये एकदा चार्जिंग १५.६ दिसले आणि बॅटरी उकळेल या भीतीने मी गाडी तिथेच थांबवली. प्रत्यक्षात मीटरमधला नऊ व्होल्टचा सेल उतरला होता, आणि तो उतरला की हा मीटर आकडा वाढवून दाखवतो. सेलची खूण पडद्यावर बारीक येते, ती आधी पाहावी. क्लॅम्प मीटर दर वेळी त्याच जागी धरून शून्य करावा लागतो, नाहीतर ०.१ अँपिअरचा घोळ होतो. त्यामुळे अगदी बारीक गळतीसाठी तो विश्वासाचा नाही. विकत घेताना त्यावर डीसी अँपिअर आहे ना, हे नीट पाहावे, कारण बाजारात स्वस्त मिळणारे बहुतेक क्लॅम्प घरगुती विजेसाठी फक्त एसी मोजतात आणि गाडीला निरुपयोगी ठरतात. मल्टिमीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या छिद्रात राहिली असताना तो बॅटरीच्या दोन टोकांवर कधीही लावू नये. ते थेट शॉर्ट करणेच होय.

वहीत आजवरच्या नोंदी आहेत: जानेवारीच्या थंड सकाळी १४.४, आता मार्चच्या दुपारी इंजिन तापल्यावर १३.७. हा फरक बिघाड नव्हे. उष्णतेत कटआउट स्वतःहून दाब कमी ठेवतो, आणि आपल्या उन्हाळ्यात बॅटरीच्या दृष्टीने ते आवश्यकच आहे. बॅटरी आज सकाळी १२.६ वर होती. पुढची मोजणी मेमध्ये, पारा ४५ ला पोहोचल्यावर, पूर्ण लोड टाकून करणार आहे.