फ्लेमेंको गिटार ऑनलाइन: रेकॉर्डेड कोर्स घ्यावा की लाइव्ह शिकवणी?

गिटार थोडीफार हाताळलेली आहे, स्पेनमधल्या फ्लेमेंको संगीताची ओढ लागली आहे आणि आसपास शिकवणारं कुणी नाही. अशा माणसासमोर मुख्यतः दोन पर्याय असतात: रेकॉर्ड केलेल्या धड्यांचा कोर्स, किंवा व्हिडिओ कॉलवर गुरुजींकडून थेट शिकवणी. मी दोन्ही केलं आहे. गिटार कोणती, तारा कोणत्या हे तुम्ही एव्हाना वाचलं असेलच, त्यामुळे ते सोडून देतो.

आधी लाइव्ह शिकवणीबद्दल, कारण कागदावर तीच सरस वाटते आणि एका बाबतीत ती खरोखरच सरस आहे. फ्लेमेंकोचं सगळं अवघड काम उजव्या हाताचं. पिकादोमध्ये तर्जनी आणि मधलं बोट आलटून-पालटून चालवायचं आणि प्रत्येक वेळी बोट शेजारच्या तारेवर टेकवायचं. अल्साप्वामध्ये एकटा अंगठा खाली-वर राबतो. यात मनगट कुठे आखडतंय हे आपल्याला स्वतःला कळत नाही. गुरुजी दोन मिनिटं बघतात आणि सांगतात, "खांदा खाली सोडा." रेकॉर्डेड धडा हे कधीच सांगणार नाही. दुखरं मनगट घेऊन महिनोन् महिने रियाज करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मग माझं मन तिथून उडालं कशामुळे? कोम्पासमुळे, म्हणजे फ्लेमेंकोच्या तालचक्रामुळे.

सोलेआ या फ्लेमेंकोच्या संथ प्रकाराचं आवर्तन बारा मात्रांचं. जोर 3, 6, 8, 10 आणि 12 वर. आपल्या कानाला पहिल्या मात्रेवरची सम सवयीची, त्यामुळे दहावर येऊन विसावणारी वाक्यं सुरुवातीला चकवतात. ही चाल अंगात भिनायला एकच उपाय: समोरच्याने टाळ्या धरायच्या, आपण वाजवायचं. व्हिडिओ कॉलवर नेमकं हेच होत नाही. गुरुजींची टाळी माझ्यापर्यंत उशिरा येते, मी तिच्यावर वाजवतो, ते त्यांच्याकडे आणखी उशिरा पोचतं. ते मला सांभाळायला किंचित थांबतात, मी त्यांना सांभाळायला, आणि लय बघता बघता मंदावत जाते. बुलेरिया या जलद प्रकारात तर विचारूच नका. मिनिटाला 240 मात्रांचा वेग धरला तर एक मात्रा पाव सेकंदाची; जाऊन-येऊन पाव सेकंद उशीर झाला की तुम्ही अख्खी मात्रा मागे. शेवटी व्हायचं असं, की ते वाजवून दाखवत, मी ऐकत असे. मग मी वाजवी, ते ऐकत. म्हणजे रेकॉर्डेड धड्यासारखंच, फक्त ठरलेल्या वेळी.

त्यात कॉलचं ॲप गोल्पे, म्हणजे गिटारच्या पाटीवरचा बोटाचा ठोका, खडखडाट समजून गाळून टाकतं. काही ॲपमध्ये संगीतासाठी वेगळी सेटिंग असते, ती चालू केली की हे बरंचसं सुधारतं. उशीर मात्र तसाच राहतो. कदाचित तुमचं इंटरनेट माझ्यापेक्षा चांगलं असेल. पण पल्ला लांबचा असेल तर फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

रेकॉर्डेड कोर्सच्या तक्रारी वेगळ्या. जलद रास्गेआदोत, म्हणजे एकामागून एक बोटं उलगडत तारा छेडताना, बोटं इतकी पुसट दिसतात की वेग निम्मा करूनही उलगडा होत नाही. शिक्षकांनी तो मुद्दाम सावकाश करून दाखवलेला हवा. शिवाय एक फाल्सेता, म्हणजे गिटारवरची छोटी सुरावट, जमली की लगेच पुढची उघडायचा मोह होतो. फाल्सेतांचा साठा होतो, त्यांना जोडणारी साथ कच्ची राहते. आणि फ्लेमेंकोची गिटार मुळात साथीची. पाको दे लुसियासारखा नामवंत गिटारवादकही 1969 ते 1977 या काळात कामारोनच्या गाण्याला साथ करत ध्वनिमुद्रणं करत होता.

पण टाळ्यांचा ट्रॅक लावून तोच बाराचा फेरा कंटाळा येईपर्यंत वाजवण्याची मुभा तिथेच मिळते. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही, हीच त्याची खुबी. चुकलात की लगेच कळतं. माझी सोलेआ सुटी झाली ती अशी. तुम्ही पूर्वी तबला किंवा ढोलकी वाजवली असेल, लय पक्की असेल, तर हा मुद्दा तुम्हाला इतका बोचणार नाही. मग लाइव्ह शिकवणीचं पारडं जड होऊ शकतं. मी सध्या कोर्स धरून आहे, आणि हात तपासून घेण्यापुरता अधूनमधून एखादा लाइव्ह तास घेतो. त्या तासात तालाचा विषय काढतच नाही.

कोर्स निवडताना पहिल्या काही धड्यांत टाळ्या वाजवायला शिकवल्या आहेत का, एवढं आधी बघा. थेट रुम्बापासून, म्हणजे चार मात्रांच्या सोप्या प्रकारापासून, सुरुवात असेल तर चारचौघांत वाजवण्याजोगं काहीतरी लवकर हाती लागेल, पण सोलेआ आली की मोजणी पहिल्यापासून शिकावी लागेल.