कोड कुठे ठेवायचा: गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग की स्वतःचा सर्व्हर?

ठाण्यात नौपाड्याला आमचे एक काका आहेत. तीसेक वर्षं त्यांनी डीटीपी केलं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, सगळं जुन्या फॉन्टमध्ये. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण फॉन्ट बदलला की खाली नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उरतात. हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, आणणारा एक छोटा प्रोग्राम आम्ही चौघं मिळून लिहितोय. काका, मी (नोकरी ऐरोलीत) आणि नवी मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजातली दोन मुलं. तो सगळ्यांना मोकळेपणाने वापरता यावा, सुधारता यावा, ही सुरुवातीपासूनची अट. मग तो ठेवायचा कुठे, यावर आमचे तीन रविवार गेले. असाच प्रश्न तुमच्यापुढे असेल तर आमचा हिशेब कामी येईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू दे. गिट आणि गिटहब एक नव्हे. गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन; गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग ही असा कोड ठेवायची संकेतस्थळं. गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या (त्या मुक्त प्रणालीच्या गाभ्याच्या) कामासाठी लिहिलं, कारण तोवर वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच साधनाचा फुकट परवाना काढून घेतला गेला होता. गिटमध्ये जो क्लोन करतो, म्हणजे पूर्ण प्रत उतरवून घेतो, त्याच्याकडे कोडचा अख्खा इतिहास येतो. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत रबाळे-घणसोलीच्या मध्ये नेट गेलं तरी मी कमिट करू शकते (बदल नोंदवू शकते), जुन्या नोंदी चाळू शकते, प्रयोगासाठी वेगळी फांदी काढू शकते. सर्व्हर लागतो तो फक्त देवाणघेवाणीला.

म्हणून कोड बुडण्याची भीती फारशी धरू नका. भीती आहे ती कोडच्या भोवती जमणाऱ्या गोष्टींची. लोकांनी कळवलेल्या चुका, त्यावरची चर्चा, कुणी काय का सुचवलं, हे गिटच्या आत नसतं. ते त्या संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये असतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका कर्मचाऱ्याकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. सुमारे सहा तासांत नोंदवलेल्या चुका आणि चर्चा कायमच्या गेल्या, पण रेपोंमधला (प्रकल्पांच्या गिट-साठ्यांमधला) कोड शाबूत राहिला. गुगल कोड तर जानेवारी २०१६ मध्ये बंदच झालं. तेव्हा तुलना करायची ती या भोवतालाची: तो कुणाच्या हातात आहे, बाहेर काढता येतो का, आणि मुख्य म्हणजे तुमच्याकडे चूक सांगायला येणारा माणूस त्या दारातून आत येऊ शकतो का.

आमच्याकडे चूक सांगणारा माणूस म्हणजे काका.

गिटहब सगळ्यांना माहीत आहे, ही त्याची खरी ताकद. २००८ मध्ये सुरू झालं, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतलं. दोन्ही मुलांचा हट्ट याचाच होता आणि तो चुकीचा नव्हता. कॅम्पस मुलाखतीत गिटहबचा दुवा मागतात, त्यांच्या नावासमोर हिरवे चौकोन (कुठल्या दिवशी काम केलं ते दाखवणारे) दिसायला हवेत. सार्वजनिक रेपोसाठी चाचण्या आपोआप चालवण्याची सोय तिथे फुकट आहे. अनोळखी माणूस सुधारणा पाठवण्याची शक्यताही इथेच सर्वांत जास्त, कारण त्याचं खातं आधीच असतं. १०० एमबीपेक्षा मोठी फाइल मात्र घेत नाही, त्यामुळे दिवाळी अंकांचे स्कॅन त्यात कोंबता येणार नाहीत. कोंबूही नयेत, कारण मोठी फाइल बदलली की गिट जुनीही इतिहासात सांभाळून ठेवतं आणि क्लोन करणाऱ्याचा जीव जातो.

खटकलं ते दुसरंच. मोकळ्या कोडचं हे सर्वांत मोठं घर स्वतः मोकळं नाही. गिटहब ज्या प्रोग्रामवर चालतं तो आपल्याला मोकळेपणाने उचलून आपल्या सर्व्हरवर लावता येत नाही. अमेरिकी निर्बंधांमुळे २०१९ मध्ये इराण, सीरिया, क्रिमियातल्या प्रोग्रामरांची खाती अडकली होती. आपल्याकडेही डिसेंबर २०१४ मध्ये सरकारी आदेशाने ३२ संकेतस्थळं अडवली गेली, त्यांत गिटहबही होतं. ते लवकर उघडलं, पण एकाच दारावर सगळा संसार थाटू नये एवढं त्यातून नक्की कळतं.

आणि काकांना ते झेपलं नाही. एका रविवारी मी त्यांच्या टेबलाशी बसून खातं उघडायला घेतलं. सगळं पान इंग्रजीत, वापरायचं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं, पडताळणीचा आकडा दुसऱ्या फोनवरच्या ईमेलवर. विसाव्या मिनिटाला त्यांनी चष्मा काढून ठेवला. "अगं, मी तुला व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो ना. तू भर तिथे." पुढे दोन महिने मीच भरत होते. फोटो सुप्रभातच्या संदेशांखाली गाडले जात आणि काका विचारत, "त्या आचाऱ्याचं काय झालं?"

आचाऱ्याचं प्रकरण सांगायलाच हवं. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक, म्हणजे गुरूला की स्वयंपाक्याला, मराठी वाचणाऱ्याला लगेच कळतो. जुन्या फॉन्टमध्ये हा आडवा अर्धा र वेगळ्या कळीवर असे आणि आमचा प्रोग्राम त्याचा सरसकट रफार करत होता. दुरुस्त करताना दुसरी गंमत समोर आली. हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. बदल तपासताना वरची लाल (जुनी) ओळ आणि खालची हिरवी (नवी) ओळ डोळ्यांना अगदी सारखी दिसत होती. पोरं चक्रावली. अशा वेळी 'हे का बदललं' याची नोंद चर्चेत असावीच लागते, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी प्रामाणिकपणे ते परत उलटं करतो.

कोडबर्ग मला मनापासून आवडतं. बर्लिनमधल्या एका ना-नफा संस्थेचं आहे, सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालतं, २०१९ पासून उघडं आहे. ते ज्यावर चालतं तो फोर्जेओ हा प्रोग्रामही मुक्त आहे. गिटहबवरून येताना कोडसोबत चुकांच्या नोंदी, चर्चा, लेबलंही आणता येतात. गिटहबचा साधा इम्पोर्टर फक्त कोड आणि त्याचा इतिहास आणतो, हा फरक लक्षात ठेवा. तुमचा प्रकल्प पूर्ण मुक्त परवान्याखाली असेल, साथीदार सगळे प्रोग्रामर असतील आणि कुणाला मुलाखतीत दाखवायची घाई नसेल, तर दुसरं काही पाहू नका, इथेच या. खाजगी रेपोंची जागा ही नव्हे आणि खातं काढल्याशिवाय चूक नोंदवता येत नाही. आमचं घोडं तिथे अडलं.

स्वतःचा सर्व्हर? फोर्जेओ किंवा त्याच्यासारखाच गिटी, ही एकच फाइल असते, जुन्या लॅपटॉपवरही सुखाने चालते. मी चालवली. जुलैच्या एका रात्री घणसोलीत घरची वीज गेली आणि मी गावी होते. दोन दिवस कुणालाच काही उघडेना. शिवाय घरच्या ब्रॉडबँडला बहुतेक वेळा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, म्हणजे बाहेरून पोचायला आणखी खटपट. भाड्याचा सर्व्हर घेतला तर वीज सुटते, पण अपडेट, बॅकअप आणि खोटी खाती काढणाऱ्यांचा बंदोबस्त कुणाच्या तरी गळ्यात पडतोच. गटात ही जबाबदारी आनंदाने घेणारी दोन माणसं असतील तरच करा. एक असेल तर नको.

सोर्सहट या आणखी एका संकेतस्थळाचा उल्लेख करते, कारण तिथे सगळा व्यवहार ईमेलने चालतो आणि योगदान द्यायला खातं लागत नाही. कागदावर काकांसाठी उत्तम. पण त्यांच्या ईमेल-याद्यांना साधा मजकूर लागतो, एचटीएमएल (सजावट असलेलं) ईमेल परत येतं, आणि काकांच्या फोनवरून तसलंच जातं.

राहिलं गिटलॅब. पान जड आहे, मेनूत मेनू आहेत, पहिल्या दिवशी माणूस हरवतो. फुकट खात्यात चाचण्यांसाठी महिन्याला ४०० मिनिटं मिळतात. आमच्या चाचण्या मिनिटभराच्या आतल्या, त्यामुळे पुरतात. नव्या खात्याला ही सोय वापरण्याआधी पडताळणी करावी लागते आणि त्यात कार्ड मागितलं जाऊ शकतं, हे विद्यार्थ्यांना डोईजड आहे. गिटलॅबची कम्युनिटी आवृत्ती एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे. डेबियन आणि नोम या मोठ्या मुक्त प्रकल्पांनी २०१८ मध्ये ती स्वतःच्या सर्व्हरवर लावली, म्हणजे उद्या पटलं नाही तर सामान उचलून निघता येतं.

पण निर्णय झाला तो सर्व्हिस डेस्कमुळे. प्रत्येक प्रकल्पाला एक ईमेल पत्ता मिळतो. त्यावर कुणीही ईमेल पाठवलं की त्याची नोंद तयार होते, फोटोसकट. आपलं उत्तर त्या माणसाला ईमेलनेच जातं. पाठवणाऱ्याला खातं लागत नाही. तो पत्ता लांबलचक आणि विचित्र असतो. काकांच्या फोनमध्ये मी तो 'फॉन्ट तक्रार' या नावाने साठवून दिला. त्या संध्याकाळी पहिलं ईमेल आलं, मराठीत, सोबत १९९०च्या दशकातल्या एका पत्रिकेचा फोटो: "'कार्‍हाटी' बघ. पुन्हा तोच र."

दुसरा फायदा नंतर कळला. अशा ईमेलमधून आलेली नोंद मुळात गोपनीय असते, फक्त सभासदांना दिसते. हे फार मोलाचं आहे, कारण नमुने म्हणून येतात ती खऱ्या माणसांची कागदपत्रं. एका मुलाने चाचणीसाठी म्हणून एका सोसायटीचा अहवाल कमिट केला होता, सभासदांची नावं आणि थकलेला मेंटेनन्स यांसह. पुश व्हायच्या, म्हणजे सर्व्हरवर जायच्या, आधी माझं लक्ष गेलं. नंतरच्या कमिटमध्ये फाइल पुसून काही होत नाही, ती इतिहासात राहते. आम्ही फिल्टर-रेपो हे साधन वापरून इतिहासच पुन्हा लिहिला. एकदा सार्वजनिक जागी गेलं असतं आणि कुणी क्लोन केलं असतं, तर परत आणता आलं नसतं.

मुलांचं काय? गिटलॅबच्या फुकट योजनेत बाहेरच्या रेपोकडे आपोआप पुश करणारं मिररिंग, म्हणजे हुबेहूब प्रत ठेवण्याची सोय, मिळतं (दुसरीकडचे बदल आत ओढणारं पैसे भरून). त्यामुळे प्रत्येक कमिट गिटहबवरही जातो आणि कमिटमधला ईमेल त्यांच्या तिथल्या खात्याला जोडलेला असल्याने हिरवे चौकोनही भरतात. तिथला इश्यूंचा (चुका नोंदवण्याचा) विभाग बंद करून ठेवलाय आणि रीडमी या माहितीच्या फाइलच्या पहिल्या ओळीत खऱ्या घराचा पत्ता दिलाय.

कुठेही गेलात तरी रेपो गटाच्या खात्यावर ठेवा, एकाच्या वैयक्तिक खात्यावर नको. आमचा आधीचा एक प्रयोग एका विद्यार्थ्याच्या खात्यावर होता. त्याचा फोन लोकलमध्ये चोरीला गेला, दुहेरी पडताळणीचे राखीव कोड त्याने कुठे लिहून ठेवले नव्हते, आणि आम्ही कुलपाबाहेर राहिलो. कोड माझ्या लॅपटॉपवर होता. चर्चा गेल्या. आता मालकीहक्क दोघांकडे आहे आणि राखीव कोड काकांच्या कपाटात, पत्रिकांच्या फायलीत, छापून ठेवलेत. परवान्याची फाइलही पहिल्याच दिवशी घाला. ती नसेल तर कोड दिसतो, पण तो वापरायचा हक्क कुणाला मिळत नाही.

आणि फाइलींना मराठी नावं द्यायची असतील, तर गिटमधली कोर-कोटपाथ (core.quotePath) ही सेटिंग आधी बंद करा. नाहीतर 'पत्रिका' या नावाच्या जागी ३४०, २४४ अशा आकड्यांची माळ दिसते आणि काही बिघडलं की काय असं वाटतं.