पीएनगेज एफ की एंडो एच? ग्लायकॅन काढण्यासाठी एन्झाइम निवडताना

प्रोटीनवरचे एन-ग्लायकॅन, म्हणजे अ‍ॅस्पॅराजिनला जोडलेल्या साखरेच्या साखळ्या, काढायचे ठरले की बहुतेक लॅबमध्ये याच दोन एन्झाइमांची चर्चा होते. दोन्ही मूळची जिवाणूंची: पीएनगेज एफ ‘एलिझाबेथकिंजिया मेनिंगोसेप्टिका’चं, एंडो एच ‘स्ट्रेप्टोमायसिस प्लिकॅटस’चं. ‘जास्त चांगलं कोणतं’ असं विचारून ऑर्डर दिली तर पैसे वाया जायची शक्यता मोठी, कारण दोघांची कापायची जागा वेगळी आहे आणि दोघांना चालणारे ग्लायकॅनही वेगळे.

पीएनगेज एफ साखळी थेट अ‍ॅस्पॅराजिनपासून तोडतं. हाय-मॅनोज (टोकांना मॅनोज साखरच असलेल्या), कॉम्प्लेक्स (फांद्यांवर वेगवेगळ्या साखरा असलेल्या) आणि हायब्रिड (दोन्हींचं मिश्रण), तिन्ही प्रकार त्याला चालतात. तोडताना अ‍ॅस्पॅराजिनचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल होतं आणि वस्तुमान 0.984 डाल्टनने (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक) वाढतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीत साखळी कुठे होती हे याच खुणेवरून शोधतात. मात्र अ‍ॅस्पॅराजिनच्या पुढे ग्लायसिन असेल तर हाच बदल एन्झाइमशिवायही आपोआप होतो, विशेषतः नमुना रात्रभर 37 अंशांवर ठेवला तर. म्हणून एन्झाइम न घातलेली नळी बाजूला ठेवायलाच हवी.

एंडो एच साखळीच्या गाभ्यातल्या, म्हणजे प्रोटीनला जोडलेल्या टोकाच्या, दोन एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामिनच्या मधोमध कापतं. एक साखर, साधारण 203 डाल्टनची, प्रोटीनवर राहते. ते हाय-मॅनोज आणि काही हायब्रिड साखळ्या काढतं. कॉम्प्लेक्स साखळ्यांना हात लावत नाही. ही मर्यादाच त्याची खरी किंमत आहे. प्रोटीन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीत ते घडी घेतं त्या भागात, असेपर्यंत साखळ्या हाय-मॅनोज असतात. पुढच्या टप्प्यावर, गॉल्जीच्या मधल्या भागात, छाटणी झाली की त्या एंडो एचला दाद देत नाहीत. त्यामुळे एखाद्या म्युटंटचा (बदल झालेल्या प्रोटीनचा) जेलवरचा बँड एंडो एचने खाली सरकला आणि वाइल्ड टाइपचा (मूळ प्रोटीनचा) जागच्या जागी राहिला, तर म्युटंट बहुधा गॉल्जीपर्यंत पोचतच नाही. हा प्रश्न एकट्या पीएनगेज एफने सुटणार नाही, कारण ते दोन्ही बँड खाली आणेल.

जेलसाठीची रिअ‍ॅक्शन सोपी आहे. 1 ते 20 मायक्रोग्रॅम प्रोटीन, 0.5 टक्के एसडीएस (घडी उलगडणारा डिटर्जंट) आणि 40 मिलिमोलर डीटीटीसह (गंधकाचे बंध तोडणारं रसायन) 10 मायक्रोलिटरमध्ये, 100 अंशांवर 10 मिनिटं. मग थंड करून 20 मायक्रोलिटरपर्यंत वाढवायचं आणि एन्झाइम घालून 37 अंशांवर एक तास. पीएनगेज एफसाठी बफर 50 मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच 7.5, आणि त्यात 1 टक्का एनपी-40, हा सौम्य डिटर्जंट. हे एनपी-40 विसरलं की सगळं फसतं, कारण एसडीएस पीएनगेज एफला मारतं आणि एनपी-40 त्या एसडीएसला बांधून ठेवतं. एंडो एचला इतक्या एसडीएसने फरक पडत नाही, त्यामुळे त्यात एनपी-40 लागत नाही. बफर मात्र सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच 6. एकाच बफरमध्ये दोन्ही उरकायचा मोह टाळा.

पेशीच्या पटलातून अनेक वेळा आरपार जाणारी प्रोटीनं 100 अंशांवर गोळा होऊन जेलच्या विहिरीतच अडकतात. ती कमी तापमानावर, जास्त वेळ ठेवून डिनेचर करावीत, म्हणजे त्यांची घडी उलगडावी.

कंट्रोल म्हणून आरनेज बी आणि फेट्युइन ही जोडी ठेवा. आरनेज बीवर एकच हाय-मॅनोज साखळी असते, ती दोन्ही एन्झाइमांनी जाते आणि बँड 17 वरून 14 किलोडाल्टनच्या आसपास येतो. फेट्युइनचे एन-ग्लायकॅन कॉम्प्लेक्स, त्यामुळे ते फक्त पीएनगेज एफने सरकतं. फेट्युइनवर ओ-ग्लायकॅनही (सेरिन किंवा थ्रिओनिनला जोडलेल्या साखळ्या) आहेत आणि ते तसेच राहतात, हे बँड वाचताना लक्षात असू द्या.

एन्झाइमचा स्वतःचा बँडही जेलवर दिसतो: पीएनगेज एफ 36, एंडो एच 29, आणि एमबीपी (माल्टोज-बाइंडिंग प्रोटीन) जोडलेलं एंडो एचएफ 70 किलोडाल्टनला. तुमचं प्रोटीन तिथेच धावत असेल तर निवड तिथेच ठरते.

अँटिबॉडीच्या एफसी भागातल्या, म्हणजे तिच्या देठातल्या, 297 क्रमांकाच्या अ‍ॅस्पॅराजिनवरची साखळी कॉम्प्लेक्स असते, तिथे पीएनगेज एफच. यीस्टमध्ये बनवलेल्या प्रोटीनचे क्रिस्टल करायचे असतील तर आमचा कौल एंडो एचला. घडी न मोडता ते चांगलं कापतं, आणि उरलेली एक साखर प्रोटीन विरघळलेलं ठेवायला मदत करते. पीएनगेज एफला घडी घातलेल्या प्रोटीनवर बऱ्याचदा जास्त एन्झाइम आणि 4 ते 24 तास द्यावे लागतात.

वनस्पतींच्या आणि काही कीटकपेशींच्या प्रोटीनमध्ये गाभ्याला अल्फा-1,3 फ्युकोज जोडलेलं असतं. तिथे पीएनगेज एफ थांबतं. बदामातून मिळणारं पीएनगेज ए घ्यावं, तेही आधी ट्रिप्सिनने पेप्टाइड करून.

कोटेशनांची तुलना करताना नुसते युनिट मोजू नका, प्रत्येक कंपनीची युनिटची व्याख्या वेगळी असते. एका नळीत किती मायक्रोग्रॅम प्रोटीन पूर्ण साफ होतं, ते विचारा. मास स्पेक्ट्रोमेट्री करायची असेल तर ग्लिसरॉल नसलेलं एन्झाइम मागा.