३०६० सोबत दुसरं ग्राफिक्स कार्ड म्हणून आरएक्स ६४०० : घ्यावं का, आणि कोणी घ्यावं

थेट मुद्द्यावर येतो. घरात आरटीएक्स ३०६० (एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड) आहे, ती चांगली चालतेय, काढायची इच्छा नाही, नवीन मोठं कार्ड घ्यायला बजेट नाही, पण समोर १४४० पी (२५६० बाय १४४० पिक्सेल), १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) मॉनिटर आहे आणि नवीन गेम काही केल्या ५०-६० एफपीएसच्या (सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) वर जात नाहीत. अशी अवस्था असेल तर खालच्या स्लॉटमध्ये एएमडीचं जुनं, छोटं आरएक्स ६४०० टाकायचं आणि लॉसलेस स्केलिंग (मधल्या फ्रेम बनवणारं सॉफ्टवेअर) चालवायचं, आजच्या घडीला यापेक्षा पैसा वसूल उपाय मला तरी दिसत नाही. फक्त एक अट आहे, मदरबोर्डची, आणि ती न तपासता कार्ड आणलं तर पैसे पाण्यात.

आधी एक गोंधळ दूर करतो कारण दुकानात गेलो की हाच गोंधळ कानावर येतो. नागपुरात सीताबर्डीवर एका दुकानात मी दुसऱ्या कार्डाचं विचारलं तर तो म्हणाला, "दोन कंपनीचे कार्ड एका मशीनमध्ये चालतच नाही भाऊ, सेम कार्ड पाहिजे आणि वरून ब्रिज पाहिजे." तो एसएलआयबद्दल, म्हणजे दोन कार्ड ब्रिज नावाच्या पट्टीने जोडून एकच गेम चालवायच्या जुन्या पद्धतीबद्दल बोलत होता. १९९८ साली थ्रीडीएफएक्सच्या वूडू २ पासून ती पद्धत सुरू झाली, २००४ मध्ये एनव्हिडियाने परत आणली, पुढच्या वर्षी एटीआयचं क्रॉसफायर आलं, आणि एक काळ होता की दोन कार्डांचा पीसी म्हणजे गेमिंगचं शिखर. एनव्हिडिया-एटीआयच्या पद्धतीत बहुतेक वेळा दोन्ही कार्ड एकाआड एक फ्रेम काढायची, गेमने साथ दिली तर उत्तम, नाही दिली तर दुसरं कार्ड नुसतं गरम होत बसायचं, आणि आकडा मोठा दिसला तरी बारीक झटके जाणवायचेच. मेमरीची पण बेरीज होत नव्हती, ८ आणि ८ जीबी लावले तरी गेमला ८ च. शेवटी एनव्हिडियाने २०२० मध्ये सांगून टाकलं की १ जानेवारी २०२१ पासून नवीन एसएलआय प्रोफाइल (गेमगणिक सेटिंग) देणार नाही, आणि ३० सिरीजमध्ये जोडणीची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला ठेवली. म्हणजे ३०६० ला ब्रिज लावायला जागाच नाहीये, तो विषय संपला.

आता जे करतात ते वेगळं आहे. गेम पूर्णपणे ३०६० वरच चालतो. तयार झालेली फ्रेम दुसऱ्या कार्डाकडे जाते, ते दोन खऱ्या फ्रेममध्ये एक नवीन फ्रेम बनवून घालतं आणि मॉनिटरला पाठवतं. हे काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे लॉसलेस स्केलिंग, स्टीमवर काही शे रुपयांत मिळतं, एकदाच घ्यायचं. एकाच कार्डवर पण ते चालतं, पण मग तेच कार्ड गेमही काढणार आणि मधल्या फ्रेमही बनवणार, त्यामुळे ६० चे मूळ फ्रेम ४५-५० वर येतात आणि माऊस जड वाटायला लागतो. दुसरं कार्ड दिलं की मूळ ६० तसेच राहतात. फरक इथे आहे आणि हातात घेतल्यावर लगेच कळतो.

मग ६४०० च का? कारण हे कार्ड ५३ वॉटचं आहे, वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधूनच वीज घेतं. बरीच मॉडेल्स बुटकी आणि एका स्लॉटची आहेत, त्यामुळे भरलेल्या कॅबिनेटमध्येही बसतं. मुळातच चार लेनचं (लेन म्हणजे स्लॉटमधून डेटा जायच्या वाटा) कार्ड आहे, आणि खालच्या स्लॉटला बहुतेक वेळा चारच लेन असतात, म्हणजे कार्डाच्या लेन वाया जात नाहीत. शिवाय रेडिऑन (एएमडीची) कार्ड या कामात किमतीच्या मानाने जोरात चालतात. गेमिंग कार्ड म्हणून २०२२ मध्ये आलं तेव्हा याला खूप शिव्या बसल्या, आणि मुख्य कार्ड म्हणून मीही कुणाला सुचवणार नाही, पण मदतनीस म्हणून अगदी चपखल. एनव्हिडियाचं जुनं १०५० टीआय पण बिनकेबलचं मिळतं आणि १०८० पीला चालून जातं, १४४० पीला मात्र ते कमी पडतं.

आता ती अट, आणि कृपा करून हा भाग नीट वाचा. प्रत्येक फ्रेम पहिल्या कार्डावरून दुसऱ्यावर स्लॉटमधून जाते. १४४० पीची एक फ्रेम साधारण १५ एमबी, सेकंदाला ६० म्हटल्या तर जवळपास ९०० एमबी, आणि एचडीआर (जास्त रंग-उजेड दाखवणारा मोड) लावलं तर आकडा अजून वाढतो. पीसीआयई (कार्डाच्या स्लॉटची जोडणी) ३.० च्या चार लेनमधून सेकंदाला ४ जीबीच्या आसपास जातं, म्हणजे आरामात. पण बी४५० बोर्डावर चिपसेटकडून (बोर्डावरची मदतनीस चिप) येणाऱ्या लेन २.० च्या असतात, तिथे चार लेन असल्या तरी २ जीबीच, १०८० पीला ठीक, १४४० पीला ओढाताण. आणि स्वस्तातल्या कित्येक बोर्डांवर खालचा स्लॉट एकाच लेनचा असतो, तिथे विसरूनच जा. लांबी बघून फसू नका, स्लॉट लांबलचक असतो आणि आत वायरिंग चारच लेनचं असतं, तर कुठे एकच. बोर्डाचं मॅन्युअल उघडा, स्लॉटच्या पानावर लिहिलेलं असतं. तिथेच हेही बघा की दुसरा एम.२ (एसएसडीचा) स्लॉट भरला तर हा स्लॉट बंद पडतो का, काही बोर्डांवर पडतो. माझा बोर्ड बी५५० आहे, खाली ३.० च्या चार लेन आहेत.

कार्ड बसवल्यावर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बस इंटरफेसची ओळ बघायची. नुसतं बघितलं तर पीसीआयई १.१ दिसेल आणि धस्स होईल, कार्ड रिकामं असलं की स्पीड उतरवतं म्हणून. शेजारी प्रश्नचिन्हाचं छोटं बटण आहे, ते दाबून टेस्ट सुरू केली की खरा आकडा येतो, माझ्याकडे लगेच ३.० आणि चार लेन दिसलं.

सेटिंग फार नाहीये. मॉनिटरची केबल दुसऱ्या कार्डाला लावायची, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण केबल ३०६० ला ठेवली तर नवीन बनलेल्या फ्रेम परत उलट्या वर पाठवाव्या लागतात आणि सगळा फायदा रस्त्यातच संपतो. एनव्हिडिया आणि एएमडी दोघांचे ड्रायव्हर एकत्र नांदतात, काही भांडण नाही. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये हाय परफॉर्मन्स जीपीयू म्हणून ३०६० निवडायची, नाहीतर गेम ६४०० वर सुरू होतो आणि २० एफपीएस बघून माणूस घाबरतो. मग लॉसलेस स्केलिंगमध्ये प्रिफर्ड जीपीयू ६४००, फ्लो स्केल (हालचाल किती बारकाईने मोजायची ते) १४४० पीला ७५ च्या आसपास, मोड दुप्पट. गेम बॉर्डरलेस विंडोमध्ये ठेवायचा आणि कंट्रोल ऑल्ट एस दाबून स्केलिंग सुरू करायचं. टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही कार्ड कामाला लागलेली दिसतात, ते बघायला मला अजून आवडतं.

आणि खेळताना? एल्डन रिंग पीसीवर ६० ला लॉक आहे, कितीही महाग कार्ड असलं तरी ६० च. तिथे १२० दिसायला लागले आणि कॅमेरा फिरवताना जो लोण्यासारखा गुळगुळीतपणा येतो ना, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. सायबरपंक डीएलएसएसवर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) ५५-६० च्या आसपास धरून ठेवला आणि दुप्पट केला तर रात्रीच्या पावसात गाडी चालवताना रस्ता एकसंध वाहतो. हो, डीएलएसएस चालू राहतं, गेम ३०६० वरच आहे ना. फक्त एनव्हिडियाचं स्वतःचं फ्रेम जनरेशन ४० सिरीजच्या खाली मिळत नाही, आणि लॉसलेस स्केलिंगला गेमने पाठिंबा द्यायची गरजच नसते, जुने गेम, इम्युलेटर (कन्सोलचे गेम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर), सगळ्यावर चालतं.

दोष आहेत आणि ते लपवून उपयोग नाही. बनवलेली फ्रेम ही अंदाजाने बनवलेली असते, त्यामुळे वेगात वळलं की पात्राच्या कडेला थरथर दिसते, मिनिमॅप आणि आकडे कधी कधी पुसट होतात. मूळ एफपीएस ४० च्या खाली असतील तर हे फारच खुपतं, ३० चे ६० करायला म्हणून हे घेऊ नका. आणि थोडा उशीर येतोच, कारण पुढची फ्रेम हातात आल्याशिवाय मधली बनणार कशी? कथेच्या गेममध्ये मला तो जाणवत नाही, पण व्हॅलोरंट, सीएस २ वगैरे वेगवान शूटिंगचे गेम खेळणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, तिथे बंदच ठेवतो मी.

उष्णतेचं सांगायलाच पाहिजे, नागपुरात राहून ते टाळता येत नाही. दुसरं कार्ड बरोबर ३०६० च्या पंख्यांखाली येतं आणि तिची हवा अडवतं. माझ्याकडे मोठं कार्ड पाच-सहा डिग्रीने वर गेलं. हिवाळ्यात काही नाही, पण मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा कॅबिनेटच्या तळाशी एक पंखा आत हवा ओढणारा हवाच, तो लावल्यावर बराच फरक पडला. विजेची चिंता नको, १७० वॉटची ३०६०, ५३ चं हे आणि रायझन ५ ५६००, चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा सप्लाय पुरतो.

व्हिडिओ बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ६४०० मध्ये रेकॉर्डिंगचा एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) नाहीच, ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) ३०६० चा निवडा. आणि गेम कॅप्चर लावलं तर रेकॉर्डिंगमध्ये मूळ ६० च येतात, वाढवलेल्या फ्रेम येत नाहीत.

किमतीचं म्हणाल तर मी जुनं घेतलं, दहा हजारांच्या आत, दुकानातच लावून अर्धा तास लोडवर चालवून बघितलं. याहून जास्त द्यावं असं कार्ड हे नाही. तुमच्याकडे १०६० किंवा त्याच्या आसपासचं मुख्य कार्ड असेल तर हे दहा हजार बाजूला ठेवा, जुनं विका आणि एकच चांगलं कार्ड घ्या. आणि जुनं आरएक्स ५८० घरात पडून असेल तर आधी तेच लावून बघा, वीज जास्त खाईल आणि केबल लागेल, पण आवडतंय की नाही ते फुकटात कळेल.