लिव्हरमधली गाठ: कापायची, जाळायची की लिव्हरच बदलायचं?

निपाणीच्या आमच्या काकांच्या लिव्हरमध्ये साडेतीन सेंटीमीटरची कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा घरात ज्याचं त्याचं वेगळंच, कोण म्हणतंय लगेच कापून टाका, कोण म्हणतंय बायप्सी (सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं) नको, पसरतंय, आणि एकजण तर झाडपाल्याचं औषध आणायला खानापूरकडं निघालाच. तुमच्याकडं आत्ता हेच चाललं असलं तर आधी एवढं बघा, गाठ सोडून बाकीचं लिव्हर कसं आहे. काकांच्या पायावर मोज्याचा वळ झोपेपर्यंत तसाच असायचा, सूज होती ती, सिरोसिस, म्हणजे लिव्हर आतून खराब होऊन कडक होणं, कधीचाच होता की, आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं. आणि सिरोसिसवाल्याची गाठ ट्रायफेजिक सीटीत (औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेल्या स्कॅनमध्ये) स्पष्ट दिसली तर बायप्सी बऱ्याचदा लागतच नाही.

लिव्हर दणकट असेल, कावीळ नाही, पोटात पाणी नाही, तर कापायचं ऑपरेशन चांगलं. डोनर नको, खर्च ट्रान्सप्लांटपेक्षा बराच कमी. पण सिरोसिस असला तर तो आतच राहतो, म्हणून पाच वर्षांत निम्म्याहून जास्त जणांना गाठ परत येते.

ट्रान्सप्लांटमध्ये गाठ आणि सिरोसिस दोन्ही जातात. १९९६ चे मिलान निकष अजून धरतात, एकच गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत किंवा जास्तीत जास्त तीन, प्रत्येक ३ च्या आत, आणि शिरांमध्ये किंवा बाहेर पसरलेली नको. अडतं ते डोनरवर, आपल्याकडं बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी पुढं यावं लागतं, खाजगीत खर्च वीस लाखांच्या आसपास नाहीतर वरच, शिवाय शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून गोळ्या जन्मभर.

सुई घालून जाळणं ३ सेंटीमीटरच्या आतल्या गाठीला बरं, २ च्या आत तर जवळपास ऑपरेशनच्या तोडीचं. काकांना जांघेतल्या शिरेतून नळी घालून गाठीतच केमो सोडलं, त्याला टेस म्हणतात, सहसा त्यानं मुळापासून जात नाही पण मुलाच्या डोनर-तपासण्या होईपर्यंत गाठ धरून ठेवली. पसरलेल्याला २०२० पासून इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांची, जोडी आहे, पण रक्तस्रावाचा धोका म्हणून आधी एंडोस्कोपी करतात आणि लिव्हर फारच थकलं असलं तर ती झेपत नाही.

माझं मत विचाराल तर कापायला हो म्हणायच्या आधी सीटीची फाईल घेऊन एकदा ट्रान्सप्लांटवाल्या डॉक्टरांना भेटाच, कोल्हापूर-पुणे-बेंगळूरु कुठंही जावं लागलं तरी.

काकांच्या आजाराचं मूळ हेपेटायटिस बी हा लिव्हर सुजवणारा विषाणू निघाला, म्हणून आम्ही सगळ्या भावंडांचं रक्त तपासलं. बी असला तर सिरोसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. त्याची लस आहे, मोठ्यांना तीन डोस, बाळाला पहिला जन्मल्यावर २४ तासांत. हेपेटायटिस सी ला लस नाही पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा जातो. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात दोन्हीची तपासणी-औषधं फुकट आहेत, जिल्हा हॉस्पिटलात विचारा. आणि शेंगदाणे, बुरशीच्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे लिव्हरचा कॅन्सर करणारं विष भाजूनही पुरतं जात नाही, आई आता चटणीआधी सुपात एकेक काळा दाणा वेचून टाकते.

धाकट्या भावाचं बी पॉझिटिव्ह आलं. लिव्हर अजून चांगलं आहे, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी, तारखा वहिनीनं कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिल्यात.